मधला खंड

परवा वाळपईच्या मामलेदार कचेरीत एका दाखल्यासाठी गेले होते. खिडकीपलीकडच्या कारकुनाने माझा अर्ज वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "बाई, तुमी डिचोलेच्या शाळेंत मराठी शिकयताल्यात न्हय? हांव तुमचो विद्यार्थी." नाव सांगितलं. मला काही आठवेना. इतक्या वर्षांपूर्वीचा पोरगा त्या टकलाखाली शोधायचा तरी कुठे! शिक्का मारता मारता त्याने आवाज खाली आणला. "बाई, ती बायल लंगडी कशी जाली, तें शेवटाक कळ्ळें?"

मी "नाही रे बाबा" म्हणाले, दाखला घेतला आणि बाहेर येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसले. खोटं बोलल्यावर मला जरा बसावं लागतं. आता वयही झालं.

हा प्रश्न मला बाजारात विचारला गेलाय, लग्नाच्या पंगतीत विचारला गेलाय, सर्वणच्या एका सोनाराने माझी बांगडी हातात धरून विचारलाय. विचारणारे सगळे पन्नाशीच्या पुढचे, आणि सगळे पालयेकर सरांचे विद्यार्थी. ती बायल म्हणजे कुणी नात्यातली नव्हे. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच्या एका विलायती कादंबरीतली बाई. ती लंगडी कशी झाली हे त्या कादंबरीच्या दुसऱ्या खंडात होतं, आणि सरांकडे पहिला होता, तिसरा होता, तेवढा दुसरा नव्हता.

सर आमच्या शाळेत इंग्रजी शिकवत, मी मराठी. पेडणे तालुक्यातल्या पालये गावचे. उंच, किडकिडीत, अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा आणि त्याला दोन खिसे. डाव्या खिशात नाक पुसायचा रुमाल, उजव्यात पुस्तकांचा. या दोन रुमालांची गल्लत त्यांच्या हातून कधी झाली नाही. पुस्तक हातात घ्यायचं तर आधी नळावर जाऊन साबणाने हात धुवायचे, उजव्या खिशातल्या रुमालाने बोटांची बेचकंसुद्धा कोरडी करायची, मग पुस्तक. शाळेचं फाटकं क्रमिक पुस्तक असलं तरी हाच सोहळा. तासाची पहिली चार मिनिटं यातच जात. मुख्याध्यापकांनी एकदा टोकलं, तर म्हणाले, "जेवचे आदीं हात धुतांत न्हय? मागीर?" आणि पुन्हा नळाकडे चालू लागले.

मुलांनी व्याकरणाच्या चुका केल्या तर सर रागवत नसत. पण पानाचा कोपरा दुमडलेला दिसला की त्या मुलाला उभा करत. "पुस्तकाचो कान पिळ्ळोस. आतां तुजो पिळूं?" आणि पिळत नसत. मी एकदा स्टाफरूममध्ये त्यांचं एक पुस्तक बघायला घेतलं आणि सवयीने जिभेला बोट लावून पान उलटलं. सरांनी पुस्तक हलकेच माझ्या हातातून काढून घेतलं. "बाई, ही काणी तुमका वाचची आसा काय खावची आसा?" मी तेव्हा जाम चिडले होते. माझा बापही मला असं कधी बोलला नव्हता.

त्यांच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात एक शिसवी कपाट होतं. बायको लवकर गेली, मुलगी लग्न होऊन मुंबईला, तेव्हा घरात सर आणि कपाट दोघंच. कपाटात चाळीसेक पुस्तकं, सगळी व्हिक्टोरिया राणीच्या राज्यातल्या कादंबऱ्या, आणि सगळ्या पहिल्या छपाईच्या. ज्यांचे उतारे पोरं शाळेत घोकतात अशा नावाजलेल्या लेखकांच्या. त्या म्हापशाच्या दुकानात नव्या कोऱ्या मिळत होत्या. मी एकदा तसं म्हटलंही. सर हसले. "नवें पुस्तक वाचल्यार काणी कळता. हें वाचल्यार ती काणी पयलेंच वाचपी मनशाच्या हातांत कितें आशिल्लें तें कळता."

ही पुस्तकं गोव्यात कुठून यायची? बोटीवर नोकरी करून परतलेल्या खलाशांच्या ट्रंकांतून, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून, पण जास्त करून बेळगावच्या कँपातून. साहेब गेला तेव्हा त्याची पुस्तकं तिथे रद्दीवाल्यांकडे गेली होती. सर वर्षातून दोनदा घाट चढून बेळगावला जायचे आणि पोत्यांवर बसून दिवसभर रद्दी उपसायचे. बहुतेक वेळा पुस्तकाविना यायचे, आणि कसं झालं विचारलं की तिथल्या मिठाईची पुडी पुढे करून म्हणायचे, "कुंदा मात बरो मेळ्ळो."

आता त्या कादंबरीविषयी. तेव्हा विलायतेत कादंबरी एका पुस्तकात येत नसे, तिचे तीन खंड निघत. सरांना या कादंबरीचा पहिला खंड म्हापशाच्या बाजारात मिळाला, ऐन तारुण्यात. तिसरा दहा वर्षांनी बेळगावला. गंमत अशी की दोन्हींच्या पहिल्या कोऱ्या पानावर एकाच बाईची सही होती, निळसर शाईतली, तिरकी, खाली 'बेळगाव'. म्हणजे एकाच घरातली भावंडं. पहिल्या खंडाच्या शेवटी दीपगृहाच्या राखणदाराची मुलगी बर्फ पडत असताना घोडागाडीत बसून घर सोडते. तिसऱ्या खंडाच्या सुरुवातीला ती एका परक्या गावात आहे, नाव बदललेलं, केस पिकलेले, काठी टेकत लंगडत चालतेय आणि तिच्या बोटाला धरून एक मूल. मध्ये काय घडलं?

सरांनी मनावर घेतलं असतं तर नवी प्रत आणून तासाभरात हे शोधता आलं असतं. पण नाही. मधला खंड वाचायचा तर तोच, त्या सहीचा. तोवर थांबायचं. आणि थांबता थांबता हा माणूस दरवर्षी दहावीच्या वर्गाला शेवटच्या तासाला ती कादंबरी सांगायचा आणि मधला भाग स्वतः रचायचा. दरवर्षी वेगळा. एका वर्षी ती बर्फात घसरली, एका वर्षी गाडी उलटली, एका वर्षी आगीतून ते मूल काढताना तुळई तिच्या पायावर पडली. वेगवेगळ्या तुकड्यांची मुलं बाजारात भेटली की यावरून भांडायची. शेवटी सर हात वर करायचे आणि म्हणायचे, "खरें कितें तें माका खबर ना. मधलो खंड मेळटकच सांगतां." असा शब्द त्यांनी वीस-बावीस तुकड्यांना दिला होता.

मग ते भाषेचं वर्ष आलं, राजभाषा कोंकणी की मराठी या वादाचं. गोव्यात त्या वर्षी जो माणूस बोलायचा तो कुठल्या भाषेत बोलतोय यावरून ओळखला जायचा. मी मराठीची. सावंतवाडीहून कारापूरला लग्न होऊन आलेली, आणि माझं तोंड पहिल्यापासून तिखट. विज्ञानाचे कामत कोंकणीचे. आमच्या स्टाफरूमचं टेबल मधून दुभंगलं. एका बाजूचा चहा दुसऱ्या बाजूला चालेना. सरांना दोन्हीकडून विचारणा व्हायची, तुम्ही कुणाचे? सर पाववाल्याकडून रोज एक मोठा उंडो आणायचे, टेबलाच्या बरोबर मधे बसून त्याचे दोन तुकडे करायचे, एक कामतांकडे सरकवायचे, एक माझ्याकडे. आम्ही दोघंही खायचो, बोलायचो मात्र नाही.

बंद तर रोजचेच झाले होते. अशाच एका बंदच्या दिवशी सकाळी अकराला सर कारापूरला माझ्या अंगणात उभे. घामाने सदरा पाठीला चिकटलेला, हातात छत्री. बस नाही, रस्त्यावर झाडं आडवी टाकलेली, आणि हा माणूस साठीला टेकलेला, डिचोलीहून चालत आला होता. मला वाटलं कुणाचं तरी काही बरंवाईट झालं. तर म्हणाले, "बाई, मातसो साबण दिया. हात धुवंक जाय."

आमच्या कारापूरला मारुती म्हणून एक बाइंडर होता, गडहिंग्लजकडचा. खाणीवर कामाला आला, आणि पाठ धरली म्हणून खाण सोडून खाणीच्या कचेरीची रजिस्टरं बांधायला लागला. शाळेची पुस्तकंही त्याच्याकडेच जात. त्याचा मेहुणा बेळगावात रद्दीचा धंदा करायचा. सरांनी मारुतीला कधीपासून सांगून ठेवलं होतं, सहीचा नमुनाही उतरवून दिला होता. आदल्या संध्याकाळी मारुतीचा निरोप गेला होता की मेहुण्याने एक पुस्तक पाठवलंय, बघून जा.

मी सरांबरोबर दुकानात गेले. मारुतीने धोतराच्या फडक्यातून एक पुस्तक काढलं. हिरवट कापडी पुठ्ठा, कोपरे झिजलेले. सरांनी आधी वास घेतला, मग कव्हर उघडलं. कोऱ्या पानावर तिरकी निळसर सही, खाली 'बेळगाव'.

सर दुकानाच्या पायरीवर बसले. बराच वेळ ते नुसते त्या सहीकडे बघत होते. मग डाव्या खिशातला रुमाल काढून त्यांनी डोळे पुसले, पुस्तकावर थेंब पडू नये म्हणून मान बाजूला वळवून. मारुती म्हणाला, "सर, पाणी घ्या जरा." त्या दिवशी मी सरांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. शेवटचंही तेच.

सकाळी माझ्याकडे येताना रस्त्यात काय झालं ते मला पुढे कळलं. आडव्या झाडापाशी पोरांनी त्यांना अडवलं होतं. कुठल्या बाजूची पोरं ते सांगत नाही, दोन्हीकडे सरांचेच विद्यार्थी होते. एकाने ओळखलं. "सर, बंद आसा. खंय चल्ल्यात?" सर म्हणाले, "मधलो खंड मेळ्ळा म्हण सांगणें आयलां." पोरांनी घोषणा थांबवल्या. दोघांनी सरांना दंडाला धरून झाडावरून पलीकडे उतरवलं, तिसऱ्याने छत्री दिली, आणि मागून ओरडून सांगितलं, "सर, ती लंगडी कशी जाली तें आमकांय सांगात हां!"

दुसऱ्या दिवशी सर पुस्तक घेऊन स्टाफरूममध्ये आले. कधी नव्हे ते माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. मला अजूनही त्यांचा प्रत्येक शब्द सांगता येतो, आणि त्या वेळी मी त्यातला एकही ऐकत नव्हते. मी मोर्च्याच्या फलकावर 'मराठी' लिहीत होते.

"बाई, हें पळयात. ह्या खंडाचीं पानां अजून कापूंकच नात. घड्यो तश्योच आसात." त्या काळी पुस्तकाची पानं कडेला जोडलेलीच येत, वाचणाऱ्याने सुरीने एकेक घडी कापत पुढे जायचं. आपल्याकडे लिस्बनहून येणारी पुस्तकंही तशीच असत. सरांचे वडील पोर्तुगीज वाचणारे, त्यांची हस्तिदंती सुरी सरांनी जपली होती. "तिणें पयलो खंड वाचलो, तिसरो वाचलो, मधलो वाचूंकच ना. उतावीळ बायल! शेवट कळ्ळ्याबगर तिका धीर ना जालो." सर एकटेच हसले. "हो का," मी म्हणाले.

"म्हळ्यार ह्या खंडाचें पान अजून कोणेच उगडूंक ना, बाई. हें कापड तेंच, शिवण तीच, फाटल्यान छापणाऱ्याच्यो जायराती आसात त्योय त्योच. तिची सय आसा. ह्यांतलें कितेंय काडल्यार उरता ती फकत काणी. काणी खंयय मेळटा." मी 'ठी'ची वेलांटी रंगवत होते. "छान आहे हो, सर," मी म्हणाले. सर पुस्तक घेऊन उठले आणि आपल्या जागेवर गेले. भाषेवर जीव टाकणारी मी, माझ्या कानाशी एक माणूस आयुष्यात एकदाच मन उघडून बोलत होता ते मला ऐकू आलं नाही.

तो खंड त्यांनी लगेच वाचायला घेतला नाही. डोळ्यांवर पडदा आल्यासारखं झालं होतं, फळ्यावरच्या ओळी वाकड्या जायला लागल्या होत्या. "मे महिन्यांत निवृत्त जातलों. चलयेकडे मुंबय वचून दोळे करून घेतलों. मागीर सकाळीं एक घडी कापची, आठ-धा पानां वाचचीं. वर्सभर पुरवन वाचतलों." इतक्या वर्षांनी हातात आलेली गोष्ट त्यांना घाईने संपवायची नव्हती.

मुंबईला जाताना कपाटाची किल्ली माझ्याकडे दिली. पावसाळा तोंडावर होता. "वारें घालात पुस्तकांक. दुसरें कांय करूं नाकात," असं बजावून गेले.

पुढे जे केलं ते मी केलं. कुणाच्या सांगण्यावरून नाही. गोवा वेगळं राज्य झाल्याचा जल्लोष नुकता आटोपला होता, पाऊस सुरू झाला होता. मी कपाट उघडलं तर त्या तीन खंडांवर पांढरी बुरशी, पहिल्याचा पुठ्ठा माझ्या हातातच निखळून आला. मला गलबलून आलं. शाळेचं ग्रंथालय माझ्याकडे होतं, आणि आमच्याकडे पुस्तक आलं की पहिलं काम एकच, कव्हर काढायचं, कडा कापायच्या, रेक्झिन चढवायचं, पाठीवर सोनेरी अक्षरं टाकायची. पुस्तकावर माया करायची ती अशीच हे मी शिकले होते. मी स्टाफरूममध्ये बोलले की सरांना निरोपाला शाल-श्रीफळ नको, हे तीन खंड एकत्र बांधून देऊ, म्हणजे मधला पुन्हा हरवायला नको. कामत टेबलाच्या पलीकडून म्हणाले, "बरी कल्पना, बाई." सहा महिन्यांत ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलले. सगळ्यांनी हातभार लावला. पाठीवरची अक्षरं मराठीत की कोंकणीत यावरून थोडं जुंपलं, मग नुसतं सरांचं नाव घालायचं ठरलं. दुभंगलेल्या त्या स्टाफरूमने त्या वर्षात एकमताने केलेली ही एकच गोष्ट.

मारुतीने खंड हातात घेतले आणि ओळखले. "बाई, सरास्नी इचारलंय न्हवं?"

"त्यांना अचानक द्यायचंय. तू बांध चांगलं."

"न्हाई, म्हंजे ह्या मधल्याची पानं जोडल्याली हाईत. मशीनवर घातलं की समदी सुटत्याल."

"सुटू देत की. वाचायला सोपं जाईल त्यांना. आणि शेवटी जाहिरातींचा कचरा आहे ना, तो काढून टाक."

मारुतीने मान डोलावली. तो माझं ऐकणारा माणूस होता. निदान त्या दिवशी तरी त्याने ऐकायला नको होतं.

निरोपाचा कार्यक्रम जूनच्या शेवटी झाला. मुलगी सरांना हाताला धरून घेऊन आली. डोळ्यांवर काळा चष्मा. पडदा मोतीबिंदूचा नव्हता, काचबिंदू होता, फार पुढे गेला होता, आणि मुंबईच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आता उजेड-अंधार तेवढा कळेल. दोन दिवसांनी मुलगी त्यांना कायमचं घेऊन जाणार होती. हे आम्हाला व्यासपीठावर कळलं. भाषणं झाली, कामतांचं कोंकणीत, माझं मराठीत. मग मी लाल रेक्झिनचा जाड ग्रंथ त्यांच्या हातात दिला.

सरांनी हात पुढे करण्याआधी उजव्या खिशातल्या रुमालाने बोटं पुसली. ग्रंथ घेतला, वजन अजमावलं, वास घेतला. ताज्या खळीचा वास होता. मग अंगठा कडेवरून फिरवला, वरून खाली. कडा गुळगुळीत होती. अंगठा थांबला, पुन्हा वर गेला, पुन्हा खाली आला.

"हें कितें, बाई?"

"तुमची कादंबरी, सर. तिन्ही खंड एकत्र बांधलेत. आता मधला खंड कधीच हरवायचा नाही."

सरांनी कव्हर उघडलं आणि पहिल्या पानावर तळहात ठेवला. ते पान नवं होतं. जुनं, सहीचं, गेलं होतं. त्यांना दिसत नव्हतं, पण कागद हाताला कळत होता. सगळी शाळा टाळ्या वाजवत होती.

"कोणें केलें हें? सगळ्यांनी मेळून?"

"सगळ्यांनी मिळून, सर. कामतसुद्धा."

"मागीर बरें केलेंत," सर म्हणाले. "बरें केलेंत, बाई." आणि ग्रंथ छातीशी धरून खाली बसले. मला तेव्हा वाटलं की त्यांना आनंदाने बोलवत नाहीये. मी इतकी मूर्ख होते. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं की आज सर गहिवरले.

ते पुढे चार वर्षं जगले. मुंबईला मी एकदाही गेले नाही, तोंड नव्हतं. ते गेल्यावर मुलीने तो ग्रंथ शाळेला पाठवला, सरांनी तसं सांगून ठेवलं होतं. सोबत पत्र होतं. तिने लिहिलं होतं की बाबांना मी कितीदा म्हटलं, मधला भाग वाचून दाखवते, तर ते नको म्हणायचे. नातवाला मांडीवर घेऊन म्हणायचे, "वाचूंक नाका, हांव सांगतां आयक," आणि रोज नवी गोष्ट रचून सांगायचे.

त्या पावसाळ्यात मी शब्दकोश मांडीवर घेऊन ती कादंबरी वाचली. मला इंग्रजी जेमतेम येतं, तीन महिने लागले. ती बाई लंगडी कशी झाली ते मला माहीत आहे. कारण अगदी साधं आहे, सरांनी रचलेलं प्रत्येक कारण त्याहून चांगलं होतं. पण मी ते दडवते ते त्यासाठी नाही. ते सांगायचा शब्द सरांनी दिला होता, मी नव्हे. सांगायला सर नाहीत, त्याला मी काय करू? म्हणून कुणी विचारलं की मी नाही म्हणते.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते निरोपाच्या दुसऱ्या दिवशी. दुपारी शाळेतून आले, कारापूरला बसमधून उतरले. रस्त्यापलीकडे मारुतीच्या दुकानासमोर एक भाड्याची गाडी उभी होती आणि दाराच्या चौकटीला धरून सर उभे होते. पाऊस उघडला होता, त्यामुळे बोलणं ऐकू येत होतं.

"कव्हरं बंबात गेली, सर," मारुती सांगत होता. त्याचा आवाज रडवेला होता. "जळण वलं हुतं, पोरीनं घातली. मला ठावं असतं तर..."

"आसूं दी रे. आनी तें सयचें पान?"

"असलं तर ह्या पोत्यात असंल. पण समदं कातरण हाय, सर. पट्ट्याच निसत्या. म्हैन्याचं साचलंय. तुमास्नी कसं घावंल?"

"माका पयलीं पाणी दी."

मी रस्त्याच्या अलीकडे उभी होते, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात तपासायच्या वह्या. आणि तिथे, त्या क्षणी, मला सगळं ऐकू आलं. हें कापड तेंच, शिवण तीच, तिची सय आसा. इतके महिने कानाबाहेर थांबलेलं ते बोलणं एकदम आत आलं. धावत जाऊन त्यांचे पाय धरावेत असं वाटलं. पण मी गेले तर ते पुन्हा 'बरें केलेंत' म्हणतील, हे मला पक्कं माहीत होतं, आणि ते मला ऐकवलं नसतं. मी रस्ता ओलांडला नाही.

मारुतीने तांब्या आणला. सर दाराशी ओणवे झाले आणि हात पुढे केले. मारुती पाणी घालत राहिला, सर दोन्ही हात चोळून धूत राहिले. मग उजव्या खिशातून रुमाल काढून त्यांनी एकेक बोट पुसलं, बेचकंसुद्धा कोरडी केली. रुमालाची घडी करून परत खिशात ठेवली. चाचपत पोत्याशी गेले, मांडी घालून बसले, आणि कातरणात हात घातला.